एक आवाज, तीन ठेके: टूट्स हिबर्ट यांच्या गाण्यांतून रेगे समजून घेताना

रेगे म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना बॉब मार्ली यांचेच नाव आठवते, आणि त्यात काही चूक नाही. पण ज्याला हे संगीत मुळापासून समजून घ्यायचे आहे, त्याने आधी काही दिवस जमैकाचे गायक टूट्स हिबर्ट यांच्या आवाजाच्या सोबतीने घालवावेत असे मला मनापासून वाटते. जमैकातील लोकप्रिय संगीताने 1962 ते 1970 या आठ-नऊ वर्षांत तीन रूपे घेतली. आधी स्का आले, मग रॉकस्टेडी आणि त्यानंतर रेगे. ही तीन नावे ऐकणारा नवखा श्रोता गोंधळून जातो, कारण त्यांतील फरक शब्दांत सांगणे अवघड असते. टूट्स यांच्याबाबतीत मात्र आवाज तोच राहिला आणि त्याच्याखालचा ठेका बदलत गेला, त्यामुळे नेमके काय बदलले ते कानाला आपोआप कळते. शिवाय ज्या शब्दाने हे संगीत जगभर ओळखले जाते, तो तबकडीवर पहिल्यांदा उमटला तोही त्यांच्याच गाण्यात.

फ्रेडरिक नॅथॅनिएल ‘टूट्स’ हिबर्ट यांचा जन्म 8 डिसेंबर 1942 रोजी जमैकाच्या क्लॅरेंडन परगण्यातील मे पेन या गावी झाला. सात भावंडांत ते धाकटे. आईवडील सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक होते, त्यामुळे लहानपणीचे गाणे म्हणजे चर्चमधले गाणे. तेथे प्रमुख गायक एक ओळ टाकतो आणि मंडळी ती उचलून उत्तर देतात. हळूहळू लय चढते, टाळ्या पडू लागतात आणि गाणारा व ऐकणारा यांच्यातील अंतर राहत नाही. ज्यांनी गावच्या देवळात भजन ऐकले आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. टूट्स यांची वयाची अकरा वर्षे पूर्ण होईपर्यंत आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले होते. पुढे ते राजधानी किंग्स्टनमधील ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत भावाकडे राहायला गेले आणि केशकर्तनालयात काम करू लागले. काम करता करता ते गात असत. तेथेच रॅली गॉर्डन आणि जेरी मथायस हे दोघे त्यांना भेटले, आणि 1960 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिघांचा ‘मेटाल्स’ हा गायकसंच उभा राहिला.

त्या काळच्या किंग्स्टनमध्ये गाणे लोकांपर्यंत कसे पोहोचत असे, हे येथे सांगणे आवश्यक आहे. घरोघरी रेडिओ किंवा रेकॉर्ड प्लेअर असण्याइतकी सुबत्ता नव्हती. त्याऐवजी ‘साउंड सिस्टिम’ असत, म्हणजे भलेमोठे कर्णे, अ‍ॅम्प्लिफायर आणि तबकड्यांचा साठा घेऊन मोकळ्या जागेत रात्रभर नाच घडवून आणणाऱ्या फिरत्या मंडळ्या. क्लेमंट डॉड आणि ड्यूक रीड हे अशा मंडळ्यांचे दोन मोठे मालक होते. सुरुवातीला ते अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या तबकड्या वाजवत. पुढे अमेरिकेतली आवड बदलली, हव्या तशा तबकड्या मिळेनात, तेव्हा या मालकांनी स्थानिक गायक-वादकांना हाताशी धरून स्वतःच गाणी मुद्रित करायला सुरुवात केली. जमैकाचा ध्वनिमुद्रण व्यवसाय या गरजेतून वाढला. डॉड यांचा ‘स्टुडिओ वन’ 1963 मध्ये किंग्स्टनच्या ब्रेंटफर्ड रोडवर सुरू झाला, आणि मेटाल्सची पहिली गाजलेली गाणी डॉड यांच्यासाठीच मुद्रित झाली.

ही गाणी स्का या ठेक्यातली आहेत. स्का समजण्यासाठी आपण एक साधा प्रयोग करू. थोड्या जलद लयीत ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’ असे मोजावे. प्रत्येक अंकावर बेसचा, म्हणजे खर्जातल्या तंतुवाद्याचा, एकेक सूर पाऊल टाकत चालतो, आणि गिटार, पियानो व ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी वाद्ये अंकावर न वाजता मधल्या ‘आणि’वर आखूड, तुटक फटका देतात. अंकावर पाय खाली येतो आणि ‘आणि’वर अंग उचलले जाते, त्यामुळे ऐकणाऱ्याला स्वस्थ बसवत नाही. जमैकाला 6 ऑगस्ट 1962 रोजी स्वातंत्र्य मिळाले, आणि त्या सुमारच्या उत्साहाला ही उसळती लय शोभून दिसली. मेटाल्सने या ठेक्यावर जे गायले ते जवळजवळ चर्चचेच गाणे होते. 1964 च्या सुमाराचे त्यांचे ‘हालेलुया’ ऐकले तर खाली नाचाचा ठेका आणि वर प्रार्थनासभा असा अनुभव येतो. टूट्स ओळ टाकतात, बाकीचे दोघे ती झेलतात, आणि शब्द संपले तरी टूट्स हुंकार, आरोळ्या व अर्धवट अक्षरे यांनी जागा भरत राहतात. हीच सवय पुढे आयुष्यभर टिकली.

डॉड यांच्यानंतर मेटाल्सने प्रिन्स बस्टर आणि मग बायरन ली या निर्मात्यांसाठी गाणी केली. 1966 मध्ये स्वातंत्र्योत्सवाच्या निमित्ताने जमैकात लोकप्रिय गीतांची राष्ट्रीय स्पर्धा प्रथमच भरवण्यात आली आणि मेटाल्सच्या ‘बॅम बॅम’ या गाण्याने ती जिंकली. आपण न्यायासाठी लढणारे आहोत, पण कोणी आपल्याला डिवचले तर त्याची गय होणार नाही, असा त्या गाण्याचा साधा आशय आहे. पुढे 1982 मध्ये सिस्टर नॅन्सी या गायिकेने याच नावाचे गाणे केले आणि त्यात हे ध्रुपद घेतले. आज अनेक तरुणांच्या कानावर ‘बॅम बॅम’ पडते ते नॅन्सी यांच्या आवाजात, आणि त्यामागे 1966 मधली ती स्पर्धा आहे हे त्यांच्या गावीही नसते.

स्पर्धा जिंकलेल्या त्याच वर्षी टूट्स यांना गांजा बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि अठरा महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. आपल्यावर अन्याय झाला, असे ते पुढे नेहमीच सांगत राहिले. या प्रसंगाचा आपल्याशीही एक दूरचा धागा आहे. जमैकात या वनस्पतीला ‘गांजा’ असेच म्हणतात. 1845 पासून उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी जे करारबद्ध भारतीय मजूर तेथे नेण्यात आले, त्यांच्याबरोबर हा शब्द गेला. हे मजूर प्रामुख्याने उत्तर भारतातले होते, आणि क्लॅरेंडनच्या मळ्यांवरही ते होते. ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने 1913 मध्ये गांजावर बंदी घातली. पुढे कायदा अधिकाधिक कडक होत गेला आणि त्याची झळ मुख्यतः किंग्स्टनच्या वस्त्यांतील गरीब तरुणांना व रस्ताफारी या जमैकातल्या धार्मिक पंथाच्या लोकांना बसली. अल्प प्रमाणात गांजा बाळगणे हा तेथे फौजदारी गुन्हा राहिला नाही तो थेट 2015 मध्ये.

टूट्स तुरुंगात असताना बाहेर संगीत बदलले. 1966 ते 1968 हा काळ रॉकस्टेडीचा मानला जातो. आपल्या मोजणीत सांगायचे तर लय लक्षणीय संथ झाली, आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा गलका मागे हटून गळ्याला जागा मिळाली. सर्वांत मोठा फरक बेसमध्ये पडला. स्कामध्ये प्रत्येक अंकावर पाऊल टाकणारा बेस आता थांबू लागला. दोन-चार सुरांचा एक लहानसा वाक्यांश म्हणायचा, मग श्वास घ्यायचा, मग पुन्हा म्हणायचा. मूळचे त्रिनिदादचे लिन टेट हे या काळातले महत्त्वाचे गिटारवादक, आणि बेसच्या त्या वाक्यांशाला गिटारच्या तारेवर जोड देण्याची त्यांची पद्धत पुढे रेगेतही राहिली. मला या घटनाक्रमाचे नेहमी नवल वाटते. देशातील सर्वांत दमदार गायकांपैकी एक असलेला माणूस दोन वर्षांच्या या कालखंडाचा बराच भाग गजांआड होता. स्काच्या ऐन भरात तो आत गेला आणि बाहेर आला तेव्हा रॉकस्टेडीही उताराला लागले होते.

बाहेर आल्यावर मेटाल्स लेस्ली काँग यांच्याकडे गेले. काँग हे चिनी वंशाचे जमैकन निर्माते होते. ऑरेंज स्ट्रीटवर त्यांच्या कुटुंबाचे ‘बेव्हर्लीज’ नावाचे आइस्क्रीमचे व तबकड्यांचे दुकान होते, आणि तेच नाव त्यांच्या तबकड्यांवर असे. जिमी क्लिफ आणि बॉब मार्ली यांची सुरुवातीची गाणी याच काँग यांनी काढली होती. त्यांच्याकडचे वादक अव्वल होते. बेसवर जॅकी जॅक्सन, गिटारवर हक्स ब्राउन, ऑर्गनवर विन्स्टन राइट. 1968 मध्ये या मंडळींच्या साथीने टूट्स यांनी तुरुंगातला अनुभव ‘54-46 दॅट्स माय नंबर’ या गाण्यात मांडला. कैद्याला नावाऐवजी क्रमांक मिळतो. तोच क्रमांक येथे ध्रुपद होऊन येतो. गाण्याच्या मध्यावर टूट्स वादकांना आज्ञा देतात की एकदा द्या, आणि एक ठोका पडतो. दोनदा द्या, दोन पडतात. मग तीन, मग चार. चर्चमधले ओळ टाकणे व झेलणे तेच, फक्त झेलणारे आता वाद्यवृंद आहेत. ज्या माणसाला दीड वर्षाच्या शिक्षेत इतरांचे हुकूम ऐकावे लागले, तो येथे हुकूम सोडतो आणि सगळे वाजते जग त्याचे ऐकते. हे गाणे मी जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा त्या जागी अंगावर काटा आला आहे.

त्याच वर्षी काँग यांनीच ‘डू द रेगे’ हे गाणे काढले. तबकडीवर शब्दाचे स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळे होते, पण ‘रेगे’ हा शब्द ज्यात छापून आला अशी ही पहिली तबकडी मानली जाते. शब्द कुठून आला याविषयी टूट्स यांनी सांगितलेली हकिगत साधी आहे. किंग्स्टनच्या बोलीत गबाळ्या, अवतार करून फिरणाऱ्या व्यक्तीला ‘स्ट्रेगे’ म्हणत. एके दिवशी वाजवता वाजवता त्या शब्दाशी खेळताना ‘रेगे’ तोंडात आला आणि त्यावर गाणे झाले. जमैकन बोलीत ‘रेगे-रेगे’ हा शब्दही होता आणि त्याचा अर्थ चिंध्या, फाटके कपडे असा होता. हे संगीत टूट्स यांनी एकट्याने निर्माण केले असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. त्या वर्षी किंग्स्टनच्या अनेक स्टुडिओंत अनेक वादक त्याच दिशेने चालले होते, आणि पहिले रेगे गीत कोणते यावर अजूनही वाद होतात. नाव लाभले ते मात्र या गाण्यामुळे.

आता रेगेचा ठेका. पुन्हा ‘एक आणि दोन आणि’ मोजू. ‘आणि’वर गिटारचा आखूड, दाबलेला फटका कायम आहे, त्याला ‘स्कँक’ म्हणतात. त्या फटक्याच्या आगेमागे ऑर्गन बुडबुड्यांसारखे बारीक सूर सोडत राहतो आणि त्यामुळे ठेका आतून उकळतो आहे असे वाटते. बेस सर्वांत पुढे आलेला असतो, इतका की कित्येकदा गाण्याची खरी चाल तोच वाहतो. ड्रमच्या बाबतीत पुढे जी रीत रूढ झाली तिला ‘वन ड्रॉप’ म्हणतात. या रीतीत ‘एक’ रिकामा सोडला जातो आणि सगळे वजन ‘दोन’वर पडते. आपल्या तालाची सवय असलेल्या कानाला हे चमत्कारिक वाटते, कारण आपण समेची वाट पाहतो, समेवर दाद देतो. येथे समेच्या जागी पोकळी आहे. ती पोकळी ऐकणाऱ्याने स्वतःच्या शरीराने भरायची असते, म्हणून रेगेवर मान डोलते. आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. रेगे म्हणजे संथ संगीत असे आपण समजतो, पण 1968-69 मधले पहिलेवहिले रेगे रॉकस्टेडीपेक्षा चपळ होते. ‘डू द रेगे’ किंवा 1969 चे ‘मंकी मॅन’ लावून पाहावे, पाय आपोआप हलू लागतात. संथ, ध्यानमग्न, रस्ताफारी आशयाचे रेगे त्यानंतर काही वर्षांनी प्रबळ झाले.

1969 मध्ये मेटाल्सने ‘स्वीट अँड डँडी’ या गाण्यावर ती राष्ट्रीय स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकली आणि 1972 मध्ये ‘पॉम्प्स अँड प्राइड’वर तिसऱ्यांदा. ‘स्वीट अँड डँडी’ हे मला त्यांचे सर्वांत लोभस गाणे वाटते. त्यात एका खेड्यातले लग्न आहे. एका खोलीत नवरी रडते आहे, दुसऱ्या खोलीत नवरदेव धास्तावला आहे, वडीलधारी मंडळी दोघांना समजावत आहेत, केकवर किती पैसे गेले आणि पेयाच्या किती बाटल्या आल्या याचा हिशेबही गाण्यातच येतो. लग्नघरातली ती लगबग कोणत्याही देशातल्या माणसाला ओळखीची वाटेल. 1972 च्या ‘द हार्डर दे कम’ या जमैकन चित्रपटात मेटाल्स हेच गाणे स्टुडिओत गाताना दिसतात. याच चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेतून त्यांचे ‘प्रेशर ड्रॉप’ जगभर गेले. वादळापूर्वी हवेचा दाब उतरतो, तसा अन्याय करणाऱ्यावर एक दिवस भार येऊन पडेल, असा त्याचा अर्थ आहे. शत्रूवर हात न उगारता नियतीवर सोपवलेला हा सूड आहे, असे टूट्स सांगत.

लेस्ली काँग 1971 मध्ये अचानक वारले. त्यानंतर आयलंड रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेल यांनी या संचाला परदेशी श्रोत्यांसमोर आणले आणि नाव ‘टूट्स अँड द मेटाल्स’ असे झाले. 1973 चा ‘फंकी किंग्स्टन’ हा संग्रह या टप्प्यातला. त्याच सुमारास त्यांनी जॉन डेन्व्हर यांच्या एका प्रसिद्ध अमेरिकन गाण्यातील वेस्ट व्हर्जिनियाच्या जागी ‘वेस्ट जमैका’ घालून ते आपलेसे केले. चर्चच्या गाण्यातून आलेल्या ‘सोल’ या अमेरिकन गानप्रकाराचे गायक ओटिस रेडिंग यांच्याशी त्यांच्या आवाजाची तुलना वारंवार होई, आणि 1988 मध्ये ‘टूट्स इन मेम्फिस’ या संग्रहात त्यांनी अमेरिकन सोल गाणी थेट मेम्फिसमध्ये जाऊन गायली. दरम्यान इंग्लंडमधील तरुण संगीतकारांनी त्यांना उचलून धरले होते. ‘द क्लॅश’ने ‘प्रेशर ड्रॉप’ केले, ‘द स्पेशल्स’ने ‘मंकी मॅन’. सप्टेंबर 1980 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले येथील कार्यक्रमाचे मुद्रण होऊन त्याची तबकडी चोवीस तासांत विक्रीला आली, हा त्या काळी विक्रम ठरला. पुढच्या एक-दोन वर्षांत गॉर्डन आणि मथायस वेगळे झाले, आणि त्यापुढे टूट्स इतर वादकांना घेऊन गात राहिले. 2004 च्या ‘ट्रू लव्ह’ या संग्रहात विली नेल्सन, एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स यांच्यासारख्यांनी त्यांच्या जुन्या गाण्यांत भाग घेतला, आणि त्याला ग्रॅमी मिळाले.

मार्लीइतकी कीर्ती टूट्स यांना का मिळाली नाही, हा प्रश्न रसिकांत नेहमी निघतो. माझ्या समजुतीप्रमाणे याचे एक कारण त्यांच्या गाण्याच्या प्रकृतीत आहे. मार्ली यांच्या गाण्यांना एक सलग राजकीय व धार्मिक विचार होता, तो शब्दांत उतरवून दूरच्या देशांत नेता येत होता. टूट्स यांचे शब्द लग्नाचे, तुरुंगाचे, शेजाऱ्याच्या हेव्याचे. आणि त्यांचा खरा ऐवज शब्दांच्या पलीकडच्या हुंकारात. तो भाषांतरात येत नाही, तो ऐकावाच लागतो.

मे 2013 मध्ये अमेरिकेतील रिचमंड शहरात कार्यक्रम चालू असताना गर्दीतून एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने फेकलेली वोडकाची बाटली टूट्स यांच्या डोक्यावर आदळली. जखम गंभीर होती. त्यानंतर स्मरणशक्तीच्या तक्रारी, डोकेदुखी आणि गर्दीची भीती यांनी त्यांना ग्रासले, आणि साधारण तीन वर्षे ते रंगमंचापासून दूर राहिले. खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी न्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यात स्वतःचे हाल त्यांनी लपवले नाहीत, पण त्या मुलाला तुरुंगात धाडू नये अशी विनंती केली. तरुण मुलांचे तुरुंगात काय होते हे आपण ऐकून आहोत, आणि याच्या वाट्याला ते आले तर आपल्या वेदनेत भरच पडेल, असा त्या पत्राचा आशय होता. न्यायालयाने त्या तरुणाला सहा महिन्यांची शिक्षा दिलीच. ‘54-46’ लिहिणाऱ्या माणसाने सत्तरी ओलांडल्यावर लिहिलेले हे पत्र मला त्या गाण्याचेच पुढचे कडवे वाटते.

2016 मध्ये टूट्स पुन्हा गाऊ लागले. 2018 मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला. 2020 च्या उन्हाळ्यात, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी जमैकाच्या त्याच गीतस्पर्धेत पुन्हा भाग घेतला आणि अंतिम फेरी गाठली. ही स्पर्धा पहिल्यांदा जिंकून त्यांना चौपन्न वर्षे झाली होती, आणि या वेळी ती जिंकली जमैकन गायक बूजू बँटन यांनी. 28 ऑगस्टला टूट्स यांचा ‘गॉट टू बी टफ’ हा नवा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील बरीच वाद्ये त्यांनी स्वतः वाजवली आहेत. पुढे दोनच आठवड्यांनी, 11 सप्टेंबर 2020 रोजी, किंग्स्टनच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटल ऑफ द वेस्ट इंडीजमध्ये त्यांचे निधन झाले. मार्च 2021 मध्ये या संग्रहाला ग्रॅमी जाहीर झाले. संग्रहातला आवाज वयाने घोगरा झाला आहे, पण ओळ संपल्यावर पुढची येईपर्यंतची जागा तो आजही तसाच भरतो, ‘हालेलुया’मध्ये भरत होता तसा.